बिऱ्हाड हलते, मन मागे राहते

समुपदेशन हा शब्द जिभेला जरा अवघडच. पण त्याचा अर्थ सल्ला असा कोणी केला, तर मी नम्रपणे नाही म्हणते. सल्ल्याचा आपल्याकडे दुष्काळ कधीच नव्हता. सर्दीवर कोणता काढा घ्यावा इथपासून मुलीने नोकरी सोडावी की नाही इथपर्यंत सारे काही जिन्यात भेटणारा शेजारीही सांगतो. माझे काम निराळे. समोरच्याचे मनापासून ऐकायचे, त्याला काय होते आहे ते त्याचे त्यालाच उमगू द्यायचे आणि वाट सापडेपर्यंत सोबत राहायचे. अमेरिकेतील कार्ल रॉजर्स यांनी १९४२ सालच्या आपल्या पुस्तकात हीच दिशा दाखवली.

आता एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये एवढी काळजी घेतली आहे.

एक बाई यजमानांना घेऊन आल्या. यजमान बँकेतून साठाव्या वर्षी निवृत्त झालेले. त्याच वर्षी गिरगावातली चाळ पुनर्विकासासाठी पाडली गेली आणि बिऱ्हाड डोंबिवलीला भाड्याच्या जागेत गेले. मुलगा नोकरीसाठी बंगळूरला. "हे दिवसभर घरात फिरतात," बाई सांगू लागल्या. "डब्याचे झाकण उघडे का, गॅस मोठा का, विचारत बसतात. रात्री झोप नाही. परवा म्हणाले, आता माझी गरज कुणाला आहे? तेव्हापासून माझ्याच डोळ्याला डोळा नाही."

यजमान हसून म्हणाले, "अहो, पेन्शन आहे, घर मिळणार आहे, मुलगा चांगला आहे. मला काय दुःख असणार?"

मी त्यांच्यापुढे कागद ठेवला. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी प्रसिद्ध केली. प्रत्येक घटनेनंतर माणसाला स्वतःची घडी पुन्हा बसवायला किती कष्ट पडतात, त्याचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००. लग्नाला ५०. म्हणजे आनंदाची गोष्टही फुकट येत नाही! नाताळच्या सणालासुद्धा १२ गुण आहेत. ही यादी आपल्याकडच्या एखाद्या गृहिणीने केली असती, तर दिवाळीचे १२ वर नक्कीच भागले नसते.

बँकेतले गृहस्थ, बेरीज हातचीच. निवृत्ती ४५, पैशाच्या परिस्थितीतला बदल ३८, मुलगा घराबाहेर २९, राहती जागा बदलली २०, उठबस बदलली १८. "दीडशे," ते म्हणाले आणि गप्प झाले. दीडशेच्या पुढे आजारपणाची शक्यता वाढते, असे त्या संशोधकांचे म्हणणे. हे काही भविष्य नव्हे. एवढेच गुण घेऊन ठणठणीत राहणारी माणसेही पुष्कळ असतात. पण आपल्याला खरोखरच काही सोसावे लागले आहे, हे त्या बेरजेने त्यांना प्रथमच पटले. डोळे पुसत ते म्हणाले, "बाई, मी समजत होतो की मीच नेभळट झालो."

मग मी सरळ विचारले, "जीव नकोसा होतो का? स्वतःला काही करून घ्यावेसे वाटते का?" पुष्कळांना वाटते, असे विचारल्याने नसता विचार डोक्यात भरेल. तसे होत नाही. उलट मनावरचे ओझे उतरते. ते म्हणाले, "करून घ्यावेसे नाही वाटत, पण सकाळी उठावेसेही वाटत नाही." त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवले. झोप आणि भूक गेली, की नुसत्या बोलण्यावर विसंबून चालत नाही.

विल्यम ब्रिजेस या लेखकाने १९८० साली एक मार्मिक भेद सांगितला. बदल बाहेर घडतो, तो एका दिवसात होतो. स्थित्यंतर मनात घडते, त्याला वेळ लागतो. आधी जुने संपते, मग मधला रिकामा काळ येतो आणि त्यानंतर नवे सुरू होते. आपण निरोपसमारंभाची शाल घडी करून ठेवतो आणि दुसऱ्या दिवसापासून 'आता मजेत राहा' म्हणतो. मधल्या रिकाम्या काळाला जागाच देत नाही.

पुढच्या भेटींत मी त्यांना एकच विचारीत राहिले: बँकेतले नेमके काय आठवते? पगार नव्हे, खुर्ची नव्हे. "म्हातारी माणसे फॉर्म घेऊन यायची. मी भरून द्यायचो." बस्स, धागा तिथे होता. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो संगणकावरूनही देता येतो. पण बोटांचे ठसे उमटत नाहीत म्हणून वृद्ध हैराण होतात. त्यांनी इमारतीच्या फलकावर चिठ्ठी लावली. पहिल्या दिवशी एक आजी आल्या, आठवडाभरात अकरा जण. घरी बाईंशीही करार झाला: सकाळचे दोन तास स्वयंपाकघर त्यांचे एकटीचे, भाजी आणणे यांचे. झोप हळूहळू परतली. गिरगावची आठवण गेली नाही. ती जायलाही नको.

वाचकहो, या दिवाळीत फराळाचे ताट घेऊन तुम्ही जाल, त्यातल्या एखाद्या घरी कोणी नुकते निवृत्त झालेले असेल, कुठे पहिलीच दिवाळी जोडीदारावाचून असेल. 'काळजी करू नका' म्हणू नका. 'कसे चालले आहे?' म्हणा आणि उत्तराला वेळ द्या. बोलण्यात निराशा फार दिसली, तर १४४१६ हा क्रमांक लिहून द्या. २०२२ साली सुरू झालेली ही सरकारी टेलिमानस सेवा मोफत आहे, अहोरात्र चालते. चकलीपेक्षा हे देणे त्या घरी अधिक दिवस पुरेल.