वय अधिक शंभर? मुळीच नाही

‘वय अधिक शंभर, एवढं बीपी चालायचंच’ हा हिशेब घराघरांत अजून ऐकू येतो. सत्तरीतल्या आजोबांचा वरचा आकडा १७० आला, तरी ‘वयोमान’ म्हणून सोडून दिला जातो. हा हिशेब आता मोडीत काढायला हवा.

रक्तवाहिनीचं आतलं अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं असतं. तेच नायट्रिक ऑक्साइड तयार करून वाहिनीला सैल ठेवतं; या शोधाला १९९८ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. दाब वाढला की या अस्तराला इजा होत राहते. ती भरून काढायला मदत करणाऱ्या पेशी रक्तातच फिरत असतात, असं ताकायुकी असाहारा, जेफ्री इस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलं. यांतल्या बऱ्याचशा पेशी स्वतः अस्तर बनत नाहीत, तर दुरुस्तीला चालना देणारी द्रव्यं सोडतात, हे पुढे उलगडलं. वय वाढतं तशा या पेशी रोडावतात आणि त्यांचा जोमही ओसरतो. म्हणजे पडझड वाढते नेमकी तेव्हाच गवंडी कमी होतात. म्हणून म्हातारपणी रक्तदाबाला सूट देणं हा शुद्ध अन्याय आहे.

उपचाराला उशीर झाला, असंही नाही. ऐंशी ओलांडलेल्या ३,८४५ रुग्णांवरच्या ‘हायव्हेट’ चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये आले. दाब १५०/८० पर्यंत आणण्याचं उद्दिष्ट ठेवून औषध दिलेल्या गटात मृत्यू २१ टक्क्यांनी घटले आणि हार्ट फेल्युअर ६४ टक्क्यांनी. औषधंही साधी, रोजच्या वापरातली होती.

दुरुस्ती-पेशींच्या नावाखाली कुणी महागडी स्टेम सेलची इंजेक्शनं विकू लागलं, तर त्याला दारातूनच परत पाठवावं. रक्तदाबावर असा मान्यताप्राप्त उपचार आज नाही. नियमित व्यायामानं आणि सिगारेट सोडल्यानं या पेशी वाढतात, असं मात्र अभ्यासांत दिसलं आहे. लोणचं-पापडावर हात आखडता घ्यावा आणि ‘आकडा नॉर्मल आला’ म्हणून गोळी बंद करू नये. तो आकडा गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो. वृद्धांचा दाब बसवून मोजावा, तसा उभं करूनही मोजावा. उठताना तो एकदम उतरला, तर तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं.

राहिला प्रश्न गोळ्यांचा. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. पण गावातल्या आजींची पट्टी मध्येच संपते, तालुक्याला न्यायला कुणी नसतं आणि गोळी आठवडाभर चुकते. उपकेंद्रात निदान महिन्याभराच्या गोळ्या एका वेळी मिळाल्याच पाहिजेत, आणि ज्यांना चालवत नाही त्यांना त्या घरपोच मिळाल्या पाहिजेत. म्हातारपणाच्या नावावर टाळता येण्याजोगे मृत्यू खपवून घेणं आता थांबलं पाहिजे.