काडेपेटीतले पतंग



गेल्या महिन्यात टपालाने आमच्याकडे एक काडेपेटी आली. सोबत वहीच्या फाडलेल्या पानावर चार ओळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका भगिनीने लिहिले होते, "रात्री दिव्याभोवती बारीक पाकोळ्या जमतात. सासूबाई म्हणतात ज्वारीला कीड लागली. मुलगा म्हणतो घरात भरलेल्या कापसातून निघतात. दोघांचे रोज भांडण. खरे काय ते कळवा."

पेटीत अकरा पतंग होते. सहांचा वाटेतच भुगा झाला होता. उरलेले पाच तांदळाच्या दाण्याएवढे. आम्ही सासूबाईंच्या बाजूने उत्तर लिहून मोकळेही झालो होतो. धान्यात असले पतंग आपण सगळ्यांनीच पाहिलेले आहेत, त्यात काय बघायचे! पाकिटाला डिंक लावण्याआधी सहज दहापट दाखवणारे भिंग डोळ्याला लावले, आणि ते पत्र फाडावे लागले.

नुसत्या डोळ्यांना पाचही सारखेच दिसत होते. मागच्या पंखांच्या कडेला केसांची लांब झालर, तोंडापुढे वर वळलेली दोन बारीक शिंगे. हे दोन्ही पतंग एकाच कुळातले, त्यामुळे ठेवण तीच. पण ज्वारी-गव्हातल्या पतंगाचा रंग वाळल्या गवताचा असतो आणि त्याचा मागचा पंख टोकाशी एकदम निमुळता होऊन बोट दाखवावे तसा पुढे येतो. पेटीत तसा एकच निघाला. बाकीचे चार गडद तपकिरी, पुढच्या पंखांवर काळपट डाग, मागचे पंख रुपेरी करडे. ती गुलाबी बोंडअळी. म्हणजे सासूबाईही खऱ्या आणि नातूही खरा. फक्त नातू चौपट खरा.

पतंगाच्या पंखावरचा रंग म्हणजे बारीक खवल्यांची भुकटी. बोट लागले की ती निघून जाते आणि खाली उरतो तो कोणत्याही पतंगाचा असावा असा पंख. मग अभ्यासक शेवटचा उपाय करतात. पोटाचा मागचा भाग वेगळा करून कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळतात. मांस विरघळते, टणक भाग राहतात. त्यांत नर-मादीच्या अवयवांची घडण सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ती जातीजातीत वेगळी असते, आणि पंख दगा देतात तिथे ती सहसा देत नाही. एडवर्ड मेरिक नावाच्या इंग्रज शाळामास्तरांनी जगभरातल्या हजारो बारीक पतंगांना नावे दिली, पण हे अवयव काही त्यांनी पाहिले नाहीत. भिंग आणि पंखांच्या शिरा एवढ्यावरच त्यांचा भरवसा. पुढच्या लोकांना त्यांचे बरेच काम पुन्हा तपासावे लागले. पेरू देशातल्या एका पतंगाचे नाव त्यांनीच १९१७ साली ठेवले होते. तोच २०१४ साली पुण्याकडच्या टोमॅटोत उतरला आणि शेतेच्या शेते पोखरली, तेव्हा आपल्याकडे त्याची चौकशी सुरू झाली.

गुलाबी बोंडअळीला मात्र शास्त्रातले पहिले नाव आपल्याच मुलखातून मिळाले. भडोचच्या सरकारी कापूस लागवडीतून पाठवलेल्या नमुन्यांवरून १८४३ साली सॉन्डर्स नावाच्या इंग्रजाने तिचे वर्णन केले. कापूस वेचणाऱ्या बाया तिला त्याआधीपासून ओळखत असणार, पण त्यांना कोण विचारतो!

आता त्या घरचा प्रश्न. आत्ता दिव्यावर येणाऱ्या पतंगाची फारशी भीती नाही. शिवारात कपाशीचे पातेफूल नसेल तर तो थोड्या दिवसांत मरतो. मात्र फरदड ठेवली असेल तर त्याला आयते घर मिळते. खरी भीती आहे ती सरकीत झोपलेल्या अळीची. ही अळी दोन सरक्या रेशमाने एकमेकींना चिकटवते आणि आत महिनोन्महिने निजून राहते. पाऊस पडला, नवी कपाशी पात्यांवर आली की पतंग होऊन बाहेर. म्हणून कापूस पावसाळ्यापर्यंत घरात राहू नये. भाव पडलेला असताना हे लिहायला आमचाही हात जड होतो.

शेतात हा पतंग दिवसा दिसत नाही. जमिनीच्या भेगांत, पाचोळ्याखाली बसतो. कळी गुलाबासारखी मिटून राहिली, म्हणजे डोमकळी दिसली, की अळी आत गेली असे समजावे. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोचत नाही. तिला गाठायचे ते पतंग असताना किंवा अंड्यातून नुकती निघताना. त्यासाठी कामगंध सापळे, हेक्टरी ५. मादीच्या वासाच्या गोळीला भुलून नर येतात. सलग ३ रात्री एका सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले, तर उपाय करायची वेळ झाली. तोपर्यंत पंप खांद्यावर घ्यायचे कारण नाही. पण ते ८ पतंग ह्याच जातीचे आहेत हे मोजणाऱ्याला कळले पाहिजे. ठिपक्याच्या बोंडअळीच्या पतंगाच्या पंखावर हिरवा रंग असतो, हिरव्या बोंडअळीचा पतंग चांगला जाड आणि मोठा. त्यांची गल्लत होऊ नये.

आम्ही ह्या मोजणीचा एवढा आग्रह का धरतो? कारण फवारणी मालक सांगतो आणि पंप मजुराच्या पाठीवर असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, तोंडाला साधा रुमाल. कारणे पुष्कळ होती, सगळी एका अळीवर घालता येणार नाहीत. पण ओळख न पटवता मारलेला प्रत्येक पंप कुणाच्या तरी छातीत जातो, एवढे आम्ही त्या जिल्ह्यातल्या घरांत बसून ऐकले आहे.

भगिनीला आम्ही कळवले: ज्वारीला दोन-तीन कडक उन्हे द्या, कोठी पुसून कोरडी करा. कापूस विकायला निघाला की खोली झाडून पडलेली सरकी आणि कवड्या जाळून टाका. मुलाला सांगितले की एक सापळा कापसाच्या खोलीतही टांग आणि रोजचा आकडा वहीत लिही. त्याचे दुसरे पत्र आले आहे. पहिल्या रात्री ६, दुसऱ्या रात्री ९. आजी आता रोज सकाळी स्वतः मोजायला येते, असे लिहिले आहे.

आणखी कोणाला पतंग पाठवायचे असतील तर चिमटीत धरू नका. बरणीत घेऊन मरू द्या, मग काडेपेटीत मऊ कागदाची घडी घालून ठेवा. कुठे, कशावर, कोणत्या तारखेला सापडला ते पेन्सिलीने लिहा. पेटीत कापूस मात्र घालू नका. पाय आणि मिशा धाग्यात अडकून तुटतात.