गळवाचे नाव आणि गळवाचे कारण

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये माणसाच्या अंगावर काही उठले, तर त्याला नाव द्यायला शब्दांची वाण नव्हती. चेहऱ्यावरच्या पुळीला 'वेल्क', थंडीने चिघळलेल्या टाचेला 'काइब', आवाळूला 'वेन'. पू धरून ठणकणाऱ्या बोटाला 'फेलन'. याच शब्दाचा दुसरा अर्थ गुन्हेगार! नखुरड्याने ज्याने रात्र जागून काढली आहे, त्याला हे नाव सहज पटेल. 'कार्बंकल' म्हणजे मूळ लॅटिनमध्ये छोटा निखारा. आपण त्याला काळपुळी म्हणतो.

असे शब्द अडाणीपणाचे म्हणून हसण्यावारी नेणे मला मान्य नाही. सूक्ष्मदर्शक नसताना डोळ्याला आणि हाताला जे कळले, ते लोकांनी नेमके टिपले. मात्र नाव सापडले की रोगही कळला, हा भ्रम त्यांना होता आणि आपल्यालाही आहे. 'बॉच' म्हणजे साधे गळू. पण प्लेगने जांघेत आलेली गाठही बॉचच! हा प्लेग इंग्लंडात १३४८ साली शिरला. त्याच शतकातल्या चॉसर कवीच्या 'कँटरबरी टेल्स'मधील आचाऱ्याच्या नडगीवर 'मॉर्मल', म्हणजे वाईट व्रण होता. (आणि मंडळी त्याच्या हातचे जेवत होती!) तो व्रण का भरत नव्हता, हे त्या शब्दातून कळत नाही.

गंडमाळेचे नाव 'किंग्ज ईव्हल'. राजाने हात लावला की ती बरी होते, अशी समजूत. ती पुढेही शतकानुशतके टिकली. १७१२ साली अडीच वर्षांच्या सॅम्युएल जॉन्सनला राणी ॲनने स्पर्श केला. गुण आला नाही, व्रण जन्मभर राहिले. याच जॉन्सनने १७५५ मध्ये इंग्रजीचा प्रसिद्ध शब्दकोश काढला. क्षयाचा जंतू कॉखने दाखवला तो १८८२ मध्ये. गंडमाळ बहुधा क्षयाचीच असते.

आणि आपण? मानेला गाठ आली की अजूनही काही घरांत आधी दोरा बांधला जातो, मग लेप, मग डॉक्टर. वाचकहो, 'करट', 'केसतूड' हे आपले शब्द दवाखान्यात जरूर सांगा, आम्हाला त्यांचा उपयोग होतो. पण केसतूड वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा. नाका-ओठाजवळची पुळी पिळू नका. मानेची गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर दाखवा. क्षय निघाला तरी त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.