महिनाअखेरचा दर आणि पुलगावचा कामगार

पुलगावची कापड गिरणी बंद पडल्यानंतर तेथील तरुणांपुढे रोजगाराचे मार्ग फारसे उरले नाहीत. दारूगोळा भांडारातील नोकरी मोजक्यांच्याच वाट्याला येते. आयटीआयचे प्रमाणपत्र घेतलेला फिटर वा वेल्डर नागपूर-पुण्याची वाट धरतो आणि कंत्राट मिळाले तर आखाताची. वर्धा जिल्ह्यातील या गावाचा परकीय चलनाशी संबंध येतो तो असा, आणि त्याच्या पाठोपाठ प्राप्तिकराच्या विवरणपत्राशीही.

समजा, असा एक फिटर १ डिसेंबर २०२५ रोजी दुबईस गेला. एप्रिलपासून नोव्हेंबरअखेर त्याचे २४४ दिवस भारतातच गेले. १८२ दिवसांची मर्यादा ओलांडली गेल्याने कायद्याच्या लेखी तो त्या संपूर्ण आर्थिक वर्षात भारताचा रहिवासी ठरतो आणि मार्चपर्यंत दिरहॅममध्ये मिळालेला पगार त्याला येथे दाखवावा लागतो. 'सहज' या नावाचा सोपा नमुना त्याला चालत नाही. ते नाव इतरांसाठी आहे.

दिरहॅमचे रुपये करावयाचे ते कोणत्या दराने? २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चा कायदा व १९६२ चे नियमच लागू आहेत. त्यांतील ११५ वा नियम सांगतो की, पगार ज्या महिन्यात देय झाला त्याच्या आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशीचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर धरावा. म्हणजे डिसेंबरच्या पगारास ३० नोव्हेंबरचा आणि मार्चच्या पगारास २८ फेब्रुवारीचा. आता दिनदर्शिका पाहावी. ३० नोव्हेंबर २०२५ हा रविवार होता. २८ फेब्रुवारी २०२६ हा चौथा शनिवार. दोन्ही दिवशी बँक बंद! अशा वेळी काय करावे याविषयी नियम मौन पाळतो. करसल्लागार आदल्या कामकाजाच्या दिवसाचा दर घेतात आणि तो व्यवहारात चालून जातो. बँकेचे दरपत्रक रोज बदलते. मागील तारखांचा सलग संग्रह सामान्य माणसाच्या हाती सहजी लागत नाही.

एवढ्यावर भागत नाही. दुबईतील बँकखाते परकीय मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावे लागते आणि तेथे आर्थिक वर्षाऐवजी ३१ डिसेंबरला संपणारे कॅलेंडर वर्ष धरले जाते. परिणामी डिसेंबरचा एकच पगार, तो त्याच महिन्यात खात्यात पडला असेल तर, उत्पन्न म्हणून नोव्हेंबरअखेरच्या दराने आणि शिल्लक म्हणून ३१ डिसेंबरच्या दराने मोजला जातो.

या साऱ्या खटाटोपात सरकारच्या तिजोरीत पडते काय? महिना ४,००० दिरहॅम पगार आणि दरात दहा पैशांचा फरक धरला, तर चार महिन्यांत उत्पन्नात १,६०० रुपयांचा फरक पडतो. शिवाय एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आत असेल तर नव्या करपद्धतीत पगारदारास करच लागत नाही. विवरणपत्र मात्र चुकत नाही, कारण परदेशी खाते आहे. काळ्या पैशाविरुद्धच्या २०१५ च्या कायद्याने अशी मालमत्ता न दाखविल्यास दहा लाखांचा दंड ठेवला. पाच लाखांपर्यंतची बँकखाती त्यातून वगळलेली होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला सूट मिळाली. सुधारणा योग्यच झाली, परंतु ती होण्यास नऊ वर्षे लागली.

मोठ्या भांडवलाची गोष्ट निराळी. गोव्याच्या चौगुले कंपनीने परकीय चलनातील मिळकत वर्षभरात वेळोवेळी भारतात आणून रुपयांत बदलली होती. तरी प्राप्तिकर अधिकाऱ्याने ती सर्व वर्षअखेरच्या दराने मोजली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९६ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला: जे चलन आधीच रुपयांत बदलले गेले, त्याला ११५ वा नियम लावता येत नाही. निकाल न्याय्य होता. पण दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत कंपनीजवळ होती. पुलगावच्या फिटरला करसल्लागारासाठी वर्ध्यास जायचे, तरी एका दिवसाची मजुरी बुडवावी लागते.

सरकारला दर जाहीर करणे जमत नाही असेही नाही. सीमाशुल्क कायद्याच्या १४ व्या कलमाखाली आयातदार व निर्यातदारांसाठी विनिमयाचे दर सरकारी मंडळच ठरवून प्रसिद्ध करते. ब्रिटनचे करखाते दर महिन्याचे दर आपल्या करदात्यांसमोर ठेवते. मालाची पेटी आणणाऱ्यास जी सोय मिळते, ती घाम गाळून पगार आणणाऱ्यास का मिळू नये, याचे समाधानकारक उत्तर अर्थमंत्रालयाने द्यावयास हवे.

तोवर पुलगावच्या कार्यकर्त्यांनी दर महिनाअखेरचे दर एका वहीत उतरून ठेवावेत आणि आखातातून आलेल्यांना ती दाखवावी. त्याचबरोबर प्राप्तिकर खात्याने प्रमुख चलनांचे महिनाअखेरचे दर स्वतःच्या सहीने, मागील वर्षांसह, मराठीतही प्रसिद्ध करावेत, असे निवेदन वर्ध्याच्या खासदारांकडे गेले पाहिजे. त्या कोष्टकात ३० नोव्हेंबर आणि २८ फेब्रुवारीसमोर कोणता आकडा येतो, तेही सरकारने लिहून द्यावे.