मातीतली कबड्डी, मॅटवरची कबड्डी



मुंबईच्या लालबाग-परळात गिरणी कामगारांनी मातीवर कबड्डी जोपासली. २०१४ साली मुंबईतच प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला आणि खेळाचा कारभारच पालटला. खेळाडूंचा लिलाव, दूरदर्शन संचावर थेट सामने, मॅट, पायांत बूट. चढाईला ३० सेकंद. लागोपाठ दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यायचा, नाहीतर बाद.

नवे वाण आले की आपण आधी चार गुंठ्यांत पेरून बघतो. इथेही तसेच करा. आधी नियम शिकवा. मातीवर घड्याळ लावून सराव घ्या, त्याला पैसा लागत नाही. मॅट महाग, ती चार-पाच गावांनी मिळून घ्यावी. मुलींनाही उतरवा. पोरांची चपळाई केवळ सरावाअभावी वाया जाऊ नये.