एकाच जाळ्यातील गल्ला आणि कॅमेरा

दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयातील संगणकव्यवस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी खंडणीखोरांचा घाला पडला आणि नोंदणीपासून तपासणीच्या अहवालांपर्यंतचा तेथील कारभार पुढे कित्येक दिवस कागद-लेखणीच्या हवाली करावा लागला. सरकारने संसदेत केलेल्या खुलाशात पाच सर्व्हर बाधित झाल्याचा व सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाल्याचा तपशील होता. परंतु खंडणीच्या चर्चेत दंग असलेल्या आपल्या लोकांनी, जाळ्याची विभागणी यथायोग्य नव्हती ही त्यातली कबुली फारशी मनावर घेतली नाही, आणि माझ्या मते सारे मर्म तेथेच होते.

दिल्लीतीलच लक्ष्मीनगरातील एखाद्या औषधाच्या दुकानात डोकावले, तरी तोच प्रकार लहान प्रमाणात दृष्टीस पडतो. ब्रॉडबँडवाल्याने बसवलेल्या एकाच राउटरवर बिलांचा संगणक, मालकाच्या मुलाचा मोबाइल, ‘भैया, वायफाय का पासवर्ड?’ असे विचारणारे गिऱ्हाईक आणि माळ्यावर धूळ खात पडलेला, मूळचा पासवर्ड पाठीवर चिकटवलेला, मालकास गाझियाबादच्या घरून दुकान पाहता यावे म्हणून बाहेरच्या जगास खुला केलेला, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, अशी सर्व मंडळी एकाच ओसरीवर नांदत असतात. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने कारखान्यातून आलेल्या साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या बळावर असलेच असंख्य डीव्हीआर व कॅमेरे ताब्यात घेतले होते आणि त्यांच्याकरवी अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली होती.

यावर अतिथींसाठी वेगळे वायफाय सुरू करावे, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र डीव्हीआर बहुधा तारेने जोडलेला असल्यामुळे त्या विभागणीच्या बाहेरच राहतो, हे सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. त्यापेक्षा दुसरा एक साधा राउटर आणून हिशेबाचा संगणक त्याच्या आड ठेवावा, आणि हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवून ती डिस्क काढून कपाटात ठेवावी, हा बंदोबस्त अधिक भरवशाचा.

दुकानदार अडाणी, म्हणून दोष त्याचा, हा न्याय मला मान्य नाही. कॅमेरे व राउटर बसवण्यासाठी त्याने माणसाला पैसे मोजलेले असतात. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या हुकुमानुसार सायबर-हल्ल्याची वर्दी सहा तासांत द्यावी लागते, पण ज्याला घरफोडी झाल्याचा सहा महिने पत्ता लागत नाही त्याला त्या घड्याळाचा काय उपयोग? एप्रिल २०२५ पासून नव्या कॅमेऱ्यांची सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली, हे उत्तमच झाले. तथापि भिंतींवर आधीच टांगलेल्या कॅमेऱ्यांना तो नियम शिवत नाही आणि शिडीवर चढलेल्या कारागिराच्या हातावर कोणत्याही प्रयोगशाळेची नजर नसते. म्हणून बाजारातील व्यापारी मंडळांनी व नोएडा-गुरुग्रामच्या गृहसंकुलांच्या समित्यांनी करारातच अशी अट घालावी की, मालकाने स्वहस्ते पासवर्ड बदलल्याखेरीज बसवणाऱ्यास शेवटचा हप्ता मिळणार नाही. नेहरू प्लेसच्या संगणकबाजारात शंभर रुपयांसाठी तासभर हुज्जत घालणाऱ्या आपल्या माणसांना एवढी अट घालणे जड जाऊ नये.