ऊर्जेचा हिशेब कोण मांडणार?

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील पदवीधर तरुणास पुढे काय करणार असे विचारले, तर उत्तरे ठरलेली असतात. तलाठी भरती, पोलीस भरती, रेल्वे, शिक्षकाची जागा, नाही तर मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी काम. यांपैकी काहीच न जमल्यास आसनगावहून पहाटेची लोकल पकडून कल्याण-ठाण्याकडे जावयाचे. या यादीत ‘ऊर्जा आणि हवामान-धोरणाचे संशोधन’ असा व्यवसाय कोणी सांगितला, तर घरच्यांना तो सौर तावदाने बसविण्याचा धंदा वाटेल आणि महाविद्यालयातील सहकाऱ्यांना आयआयटीवाल्यांची मिरास वाटेल. वस्तुतः तो या दोहोंपैकी काहीच नाही. तो हिशेब मांडण्याचा व्यवसाय आहे, आणि ज्या दोन तालुक्यांच्या डोंगरांवर व पाण्यावर हा हिशेब चालला आहे तेथील एकही तरुण त्यात नसावा, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या शिक्षकाला तरी स्वस्थ बसू देणारी नाही.

या व्यवसायाचे स्वरूप समजण्यासाठी दूर जावयास नको. पुण्यातील ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाचे संस्थापक गिरीश संत यांचे उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. मुंबईच्या आयआयटीत ऊर्जा-प्रणालीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या या अभियंत्याने मोठ्या पगाराची वाट सोडली आणि शंतनू दीक्षित, सुबोध वागळे आदी सहकाऱ्यांसह वीज क्षेत्राचा अभ्यास हेच आयुष्याचे काम मानले. ‘प्रयास’ची स्थापना १९९४ ची. त्याच सुमारास एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पावरून महाराष्ट्र पेटला होता. बाजूने बोलणारे विकासाची भाषा बोलत, विरोधात बोलणारे स्वदेशीची. या गटाने १९९५ मध्ये केले ते एवढेच, की वीज मंडळाने केलेला करार समोर घेतला आणि त्यातील अटींचे आकडे करून दाखविले. वीज उचलली न उचलली तरी स्थिर आकार द्यावाच लागणार, तो डॉलरच्या भावाशी बांधलेला, आणि मागणीचे अंदाज फुगविलेले. तेव्हा हा बोजा मंडळाला पेलणार नाही, असा त्या गणिताचा इशारा होता. पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि मे २००१ मध्ये बंद पडला. मधल्या दोन वर्षांत काय झाले हे वाचकांस सांगावयास नको. सभा-मोर्चांचे महत्त्व कमी लेखण्याचा येथे हेतू नाही, परंतु मोर्चाच्या हाती आकडा असला म्हणजे मंत्रालयाला उत्तर देणे अवघड जाते, हे तेव्हा दिसले.

दुसरे उदाहरण अधिक नीरस आहे आणि म्हणूनच अधिक बोधप्रद. वीज मंडळ वर्षानुवर्षे सांगत असे, की गळती पंधरा-अठरा टक्क्यांच्या आसपास आहे आणि उरलेली बरीचशी वीज शेतीपंप पितात. बहुतेक शेतीपंपांना मीटरच नव्हते. तेव्हा जी वीज चोरीला गेली, तारांत जळाली किंवा हिशेबात सापडली नाही, ती सगळी शेतकऱ्याच्या नावावर टाकता येत होती. राज्य वीज नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला आणि दरवाढीची जाहीर सुनावणी होऊ लागली, तेव्हा ‘प्रयास’सारख्या ग्राहक-प्रतिनिधींनी हे आकडे उलगडून मागितले, आणि गळतीचा खरा आकडा तिशीच्या पलीकडे निघाला. शेतकरी फुकट वीज खातो असे चहाच्या टपरीवर म्हणणारे पुष्कळ होते. पंप किती अश्वशक्तीचा, तो किती तास चालतो, असे विचारणारे पाच-सहाच निघाले. गिरीश संत पुढे नियोजन आयोगाच्या अल्प-कार्बन विकासविषयक तज्ज्ञ गटात होते. फेब्रुवारी २०१२ मध्ये, वयाच्या पन्नाशीच्याही आत, त्यांचे निधन झाले.

आता घाटाच्या पायथ्याशी येऊ. शहापूर तालुक्यात चोंढे म्हणून गाव आहे. त्याच्या माथ्यावर, सह्याद्रीच्या पलीकडे अकोले तालुक्यात, घाटघर येथे प्रवरेवर एक धरण आहे आणि खाली चोंढ्यास दुसरे. मध्ये सुमारे चारशे मीटरांचा उतार आणि डोंगराच्या पोटात वीजगृह. जपानी कर्जाच्या साहाय्याने उभा राहिलेला हा २५० मेगावॉटचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. मागणी वाढली की वरचे पाणी खाली सोडून वीज करावयाची, मागणी उतरली की तेच पाणी पंपाने वर चढवावयाचे. चढविण्यास शंभर युनिटे खर्चिली तर परत पंचाहत्तर ते ऐंशी मिळतात. म्हणजे हा वीज निर्माण करणारा कारखाना नव्हे, ती साठविणारी कोठी आहे, आणि कोठी चालविण्याचा खर्च वीस-पंचवीस टक्के पडतो.

तो परवडतो केव्हा? घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव यांत पुरेसे अंतर असेल तेव्हाच. पूर्वी मध्यरात्रीची औष्णिक वीज स्वस्त असे. आता दुपारची सौर वीज अडीच-तीन रुपयांच्या घरात मिळते आणि सूर्य मावळताच टंचाई सुरू होते. २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-जीवाश्म क्षमता आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन ही भारताची जाहीर उद्दिष्टे आहेत. ती गाठावयाची तर अशा कोठ्या लागणारच, आणि सह्याद्रीचा कडा ही त्यांची नैसर्गिक जागा. म्हणूनच इगतपुरी आणि शहापूर यांच्या सीमेवर भावली येथे १५०० मेगावॉटचा खाजगी प्रकल्प योजिला गेला, आणि मुरबाडच्या माळशेज घाटाचे नावही या संदर्भात बरीच वर्षे घेतले जाते. या प्रकल्पांना सरसकट विरोध करावा असे मला वाटत नाही. कोळसा जाळण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही.

परंतु येथेच खरा प्रश्न उभा राहतो. जलविद्युत प्रकल्पातून स्थानिक विकासासाठी एक टक्का वीज राखून ठेवावी, अशी तरतूद २००८ च्या केंद्रीय धोरणात होती. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने उदंचन प्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत असे म्हटले, की नदीपात्राबाहेरील ज्या प्रकल्पांचा पर्यावरणावर किमान परिणाम होतो आणि ज्यांत पुनर्वसनाचा प्रश्न नाही, अशांना स्थानिक विकास निधीची अट नको. तत्त्व म्हणून हे समजण्याजोगे आहे. पण ‘किमान’ हे कोणी मोजावयाचे? ज्याची जमीन सातबाऱ्यावर आहे त्याचे नुकसान कागदावर दिसते. वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या नाचणी-वरई पिकविणारा, पण ज्याचा वनहक्काचा दावा अद्याप लोंबकळत आहे, असा ठाकर किंवा महादेव कोळी त्या कागदावर नसतोच. डिंक, मोह, गवत आणि सरपण यांचे उत्पन्न कोणत्याही ताळेबंदात धरलेले नसते. जे मोजले नाही ते शून्य मानले जाते, आणि शून्याची बेरीज अर्थातच किमान येते. ही मोजणी करणारा माणूस वाडीची बोली जाणणारा असला पाहिजे, आणि त्याला सवलतीच्या दराने भावी उत्पन्नाचे आजचे मूल्य काढताही आले पाहिजे. हे दुसरे आपण पदवीच्या वर्गात शिकवितो. पहिले त्यांना शिकवावे लागत नाही.

पाण्याचेही तसेच आहे, आणि ही बाब ऊर्जेची आहे हे सहसा ध्यानात घेतले जात नाही. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देते. पुढे मोडकसागर आले, भातसा आले, २०१४ मध्ये मध्य वैतरणा आले. मुंबईच्या पाण्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्या भातशाचे. तरीही दर उन्हाळ्यात शहापूरच्या वाड्यांवर टँकर फिरतात. यात अन्याय आहे, असे आपण भाषणांत म्हणतो आणि ते खरेही आहे, परंतु त्यामागची यंत्रणाही पाहिली पाहिजे. धरणातले पाणी खाली असते आणि वाडी वर असते. मुंबईचा पुष्कळसा मार्ग उताराचा आहे, वाडीचा मार्ग चढाचा. चढ म्हणजे पंप, पंप म्हणजे वीजबिल, आणि ग्रामपंचायतीचे वीजबिल थकले की नळयोजना बंद. मुंबई आयआयटीच्या सी-तारा या १९८५ मध्ये स्थापन झालेल्या केंद्राने ठाणे जिल्ह्यातील टँकरच्या गावांचा अभ्यास केला तो याच दृष्टीने, म्हणजे उंची, अंतर, खर्च आणि व्यवस्थापन एकत्र मांडून. शहापूरसाठी वरच्या भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना आखली गेली, तिचा आर्थिक अर्थ हाच, की गावावर कायमचे वीजबिल लादावयाचे नाही. एका योजनेच्या भांडवली खर्चाविरुद्ध दुसरीचा तीस वर्षांचा पंपिंगखर्च मांडणे हा द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याला जमण्याजोगा प्रश्न आहे. तो परीक्षेत कधी आलेला मी पाहिलेला नाही.

राज्यभर गाजलेल्या योजना आपल्या भागाला कशा लागू पडतात, हाही असाच विषय आहे. शेतीच्या वाहिन्यांना दिवसा सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. तिच्यामागील कल्पनेस ‘प्रयास’च्या अभ्यासाचा आधार होता. ऊस-द्राक्षांच्या मुलुखाला ती उत्तम आहे. आमच्याकडे भात पावसावर पिकते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास शेत रिकामे होते. पंपच थोडे, तर अनुदान कोणाला पोचणार? आमच्या गरिबाचा ऊर्जेशी संबंध चुलीतल्या लाकडाशी आहे, आणि कातकऱ्यांच्या बाबतीत तर कोळसाभट्टीच्या व वीटभट्टीच्या मजुरीशी. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने घरात सिलिंडर आले, पण दुसरे सिलिंडर भरून आणण्याइतकी रोकड हाती कोणत्या महिन्यात असते, हे भट्टीच्या हंगामाशी ताडून पाहिल्याखेरीज कळणार नाही.

या क्षेत्रात शिरणे सोपे आहे असे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल. वाचन बहुतेक इंग्रजीत, संस्था पुण्या-मुंबईत व दिल्लीत, पहिली काही वर्षे पाठ्यवृत्तीवर काढावयाची, आणि घरात तोवर भाऊ-बहिणींची शिक्षणे उरलेली. गिरीश संत यांच्या स्मरणार्थ तरुण संशोधकांसाठी पाठ्यवृत्ती सुरू झाली, तशा आणखी काही आहेत. पण जाहिरात आमच्या सूचनाफलकापर्यंत पोचत नाही. पालकांनी सरकारी नोकरीचा आग्रह धरला तर त्यांना दोष देता येणार नाही. दोष द्यावयाचा तर आपल्या विभागांना द्यावा. वीज आयोगाच्या दरवाढीच्या जाहीर सूचना मराठी दैनिकांत छापून येतात, हरकती मराठीतून देता येतात, सुनावणीला कोणीही उभा राहू शकतो, हे अर्थशास्त्र शिकवूनही आपण किती वर्गांत सांगितले?

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीस्तरावर क्षेत्रीय प्रकल्प आणि सामुदायिक सहभाग यांना श्रेयांक दिले आहेत. सध्या ते बहुधा बँकेच्या भेटीत आणि वृक्षारोपणाच्या छायाचित्रांत खर्ची पडतात. त्याऐवजी शहापूर आणि मुरबाडच्या महाविद्यालयांनी मिळून तीस वाड्या निवडाव्यात. प्रत्येक वाडीचे पाणी किती उंचीवरून वा खोलीवरून येते, पंपाचे बिल किती व कोण भरते, टँकरच्या फेऱ्या किती, चुलीत किती लाकूड जाते आणि ते आणण्यास बाईचे किती तास जातात, एवढेच सलग पाच वर्षे नोंदवावे. पुढे भावलीचा वा माळशेजचा अहवाल जनसुनावणीस आला म्हणजे त्याच्या शेजारी ठेवावयास आपल्याजवळ कागद असेल. अडचण एकच आहे. टंचाईचे महिने मार्च ते मे, आणि परीक्षांचेही तेच. तेव्हा हे काम मे महिन्याच्या सुट्टीत करावे लागेल, आणि त्या सुट्टीत विद्यार्थ्यांबरोबर प्राध्यापकांनाही वाड्या चढाव्या लागतील.